कमलचं जोतं

घोडपदेवच्या कमलला उभ्या जन्मात दोनच गोष्टी झोंबल्या. एक मिरची, दुसरी दर्शना. मिरचीचं समजू शकतो. लालबागच्या मसाला गल्लीत उन्हाळाभर बसून पोत्यांनी मिरच्यांची देठं खुडायची म्हटल्यावर बोटं जळणारच, आणि घरी जाऊन खोबरेल लावलं की भागतं. दर्शना पडली सख्खी धाकटी जाऊ. तिच्यावर खोबरेल चालत नव्हतं.

दोघी एकाच खोलीत नांदायला आल्या होत्या. कमलचा नवरा शामराव थोरला, गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर मिळेल ते काम करत राहिला. दर्शनाचा जयवंत बँकेत शिपाई म्हणून चिकटला आणि कारकून होऊन रिटायर झाला. त्यांनी प्रभादेवीला चाळीत खोली घेतली, ती चाळ बिल्डरने पाडली, आणि दर्शना लिफ्टने घरी जाऊ लागली. इकडे कमल अजून चाळीच्या टोकाच्या संडासापुढे बादली घेऊन उभी. दर्शनाने नवीन पडदे लावले की कमलच्या पोटात दुखायचं. दर्शनाची सून हसतमुख निघाली, तर कमलला कितीतरी दिवस जेवण गोड लागेना. मध्यंतरी दर्शनाचे गुडघे धरले तेव्हा जिवाला जरा बरं वाटलं होतं, पण बाईने गुडघेसुद्धा नवीन बसवून घेतले. आता बोला.

एका बाबतीत मात्र कमल वरचढ होती. गावी, कणकवलीच्या पलीकडे, सासऱ्यांच्या जमिनीची वाटणी झाली तेव्हा थोरल्याकडे खालचा सपाट मातीचा तुकडा आला, विहिरीसकट. धाकट्याकडे गेला वरचा कातळ, जिथे पावसात शेवाळ आणि उन्हात सरडे. आणि आपल्या तुकड्यावर कमलने शामरावाच्या मागे लागलागून घराचं जोतं बांधून घेतलं होतं. चांगल्या चिऱ्यांचं, कमरेला येईल एवढं उंच. त्यावर भिंती काही चढल्या नाहीत. दरवर्षी काहीतरी निघायचंच. कधी मुलीचं लग्न, कधी शामरावाचं ऑपरेशन. तरी गणपतीला गावी गेली की कमल आधी जोतं झाडून काढायची आणि येईल त्याला वर चढवून दाखवायची, ही पडवी, हे माजघर, ही चूल. सगळं आयुष्य चाळीच्या गॅलरीत गेलं, निदान मरायच्या आधी स्वतःच्या दारात बसायला मिळावं, एवढंच तिने देवाकडे मागितलं होतं.

अशात बातमी आली की गावावरून टॉवर लाइन जाणार. उंच लोखंडी मनोरे, त्यांवरून जाड तारा, आणि त्या तारांतून मोठ्या दाबाची वीज कुठूनशी निघून मुंबईकडे यायची. जमिनीचे मालक अर्धेअधिक मुंबईतच पसरलेले, तेव्हा कंपनीचा माणूस इथेच आला, परळला, गावच्या मंडळाच्या खोलीत. नकाशा पसरला आणि कळलं की टॉवर दर्शनाच्या कातळावर येतोय.

झालं! मंडळाचे अध्यक्ष नाना, ज्यांनी कमलला आजवर कधी बस म्हटलं नव्हतं, त्यांनी उठून दर्शनाला खुर्ची दिली. कमल आपली सतरंजीवर. मसाला गल्लीत गावची कोणी बाई भेटली की पहिला प्रश्न हाच, काय गो, तुझ्या जावेच्या जमिनीत टॉवर येतोय म्हणे? लोक जयवंतला टॉवरवाले म्हणायला लागले. भरपाई मिळणार होती हे खरं, पण कमलचा जीव पैशात नव्हता हो. ज्या कातळाकडे बघून ती इतकी वर्षं नाक मुरडत आली, त्या कातळाला मान मिळावा? तिच्या अंगाचा तिळपापड झाला. मिरच्या खुडताना ती देठाबरोबर अर्धी मिरचीच तोडू लागली, तेव्हा शेठाणीने तिला घरी पाठवलं.

पुढच्या बैठकीच्या आधी दर्शनाचा फोन आला. कंपनीचा माणूस प्रभादेवीला घरी येऊन गेला होता. ती म्हणाली की वहिनी, लाइन वरून, आमच्या कातळावरूनच जाऊ दे, कोणी खालून न्यायची म्हणालं तर तुम्ही हो म्हणू नका, आणि का ते मी सांगते. कमलने ते का ऐकूनच घेतलं नाही. दूध उतू जातंय म्हणाली आणि फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतंच. साहेब हिच्या घरी चहा पिऊन जातो, आणि आता आम्ही हो म्हणायचं की नाही तेही हीच ठरवणार? म्हणजे आपल्याला मिळू नये म्हणून बाईची धडपड चाललीय, हे कमलच्या डोक्यात पक्कं बसलं.

बैठकीला मंडळाची खोली गच्च भरली होती. नकाशा वाऱ्याने उडू नये म्हणून त्याच्या चार कोपऱ्यांवर भजनाचे टाळ ठेवले होते. कंपनीच्या माणसाने सांगितलं की वाटा दोन आहेत. वरून नेली तर कातळ फोडावा लागेल. खालून नेली तर ट्रक सरळ जातो, काम लवकर होतं. कंपनीला दोन्ही चालतं, दोन्ही भावांनी आपसांत ठरवावं. दर्शना लगेच म्हणाली, आमच्यातूनच न्या.

कमल सतरंजीवरून उठली. "नाही. आमच्यातून न्या. खालून."

दर्शनाने खुर्ची सोडली, कमलचा दंड धरला आणि हळूच म्हणाली, "वहिनी, तुमचं जोतं आहे तिथे."

कमलने दंड सोडवून घेतला. आता हिला माझ्या जोत्याचा पुळका! कंपनीचा माणूस अटी वाचायला लागला, तर कमलने त्यालाच थांबवलं. वाचायचं काय त्यात, आम्ही तयार आहोत. शामराव हा आयुष्यात कोणाला नाही म्हणालेला माणूस नव्हे. त्याने पेन हातात घेऊन एकदाच विचारलं, की अगं, पण जोत्याचं काय? कमल म्हणाली, टॉवर कोपऱ्यात येईल, जोत्याला काय धाड भरलीय? त्याने सही केली. नानांनी कमलला खुर्ची दिली. ती बसली आणि तिने दर्शनाकडे असं बघितलं की सांगता सोय नाही.

पेढे वाटले तिने चाळीत. मसाला गल्लीत आता ती स्वतःहून विषय काढायची, आमच्यातून लाइन जातेय ना. पंधरवडाभर बोटं जळली नाहीत म्हणे.

मग गावाहून रामजीचा फोन आला. रामजी तिथे त्यांच्या जमिनीवर लक्ष ठेवायचा. त्याने सांगितलं की माणसं पांढऱ्या फक्कीने खुणा करून, पायाचे खड्डे खणून गेली. टॉवर खरंच कोपऱ्यात आला होता. पण तारा काही टॉवरपाशी थांबत नाहीत. त्या बरोब्बर जोत्यावरून जात होत्या. खाली नाचणी लावा, भाजी लावा, कंपनीची हरकत नाही. उंच झाड ठेवायचं नाही आणि घर बांधायचं नाही. तारांच्या दोन्ही बाजूंनी पट्टा सोडल्यावर तुकड्यात घरापुरती जागाच उरत नव्हती. रामजी पुन्हा पुन्हा म्हणत होता, वैनी, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं काय?

कमल तशीच परळला नानांकडे गेली. नानांनी बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की पायाचे खड्डे झालेत, वरची वाट कंपनीने कागदावरून काढून टाकलीय, आता काही होत नाही. ती परत आली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. शामरावाने भात लावला.

दुसऱ्या दिवशी दर्शना आली. नव्या गुडघ्यांनी चाळीचे लाकडी जिने चढून आली. कमलला वाटलं, आली मजा बघायला. ती उठली नाही, ये म्हणाली नाही. दर्शना तिच्या पायाशी फरशीवर बसली.

"मी तेव्हाच सांगायला हवं होतं मोठ्याने, चारचौघांत," दर्शना म्हणाली. "पण मला वाटलं, तुम्ही म्हणाल, ही जळते. आणि ते खोटं नव्हतं, वहिनी. जळायचेच मी."

कमलने मान वळवली.

"लिफ्ट आली, पडदे आले, पण ह्यांनी कातळावर कधी एक चिरा ठेवला नाही. कशाला पाहिजे म्हणायचे. तुम्ही जोत्यावर उभ्या राहून सगळ्यांना घर दाखवायच्या ना, मला बघवायचं नाही. मुंबईला आल्यावरही दिवसचे दिवस माझं डोकं ठिकाणावर नसायचं."

कमल उठून बसली. आणि काय सांगू, त्या बाईला आनंद झाला. खरा, पोटातून. दर्शना आपल्यावर जळत होती! दर्शना सून म्हणून घरात आल्यापासून कमल हे ऐकायला थांबली होती. तिने केस सारखे केले.

"काय काय वाटायचं तुला? सांग ना."

दर्शनाने सांगितलं. पडवी कुठे, तिच्यात बाकडं कोणत्या भिंतीला, माजघरातून मागच्या दारी कसं जायचं, विहिरीचं पाणी किती पावलांवर. तिला सगळं पाठ होतं. कमल ऐकत राहिली. दर्शना चुलीपर्यंत आली आणि म्हणाली, तिथे पश्चिमेला खिडकी.

"पूर्वेला गो," कमल म्हणाली. "सकाळचं ऊन चुलीवर यायला पाहिजे. पश्चिमेला कशी असेल?"

दर्शना म्हणाली, हो, पूर्वेला, चुकलंच माझं. मग कमल रडायला लागली.