दगड कुणी फोडले?

निघताना विहारासमोर सगळी वस्ती जमली होती, आणि बाबांनी सगळ्यांदेखत माझ्या बॅगेतून पत्रकांचा गठ्ठा काढून घेतला. "पीएचडीला चाललीस ना? मग तिकडं तोंड आवर. तिथं राहायचा पास सरकारच्या हातात असतो." तुम्ही सगळे हसलात. मी नाही.

चार वर्षं आवरलं. या परक्या देशात सगळं इतकं स्वच्छ, की मला संशयच येतो. एवढं पुसलंय म्हणजे काहीतरी पुसलं गेलंच असणार.

परवा रविवारी वैशालीताईंबरोबर एक जुनं दगडी घर बघायला गेले. पासिर रिस या उपनगरात त्यांच्याच फ्लॅटमधल्या एका खोलीत मी राहते. घर नुकतंच दुरुस्त करून लोकांना खुलं केलंय. दारातच पाटी: हे घर अमुक व्यापाऱ्याने बांधलं. स्वतःच्या हातांनी?

मागच्या स्वयंपाकघरात एक भिंत गिलाव्याशिवाय ठेवली होती. छिन्नीचे घाव सगळे उलट्या बाजूला कललेले. लहानपणी बाबांना छिन्नी-हातोडा हातात देत वाढलेय मी. हे डावखुऱ्या पाथरवटाचं काम, हे मला कुणी सांगावं लागत नाही.

माहिती द्यायला एक चिनी अंकल होते, शहराच्या तोआ पायोह भागातून हौसेने येणारे. त्यांना विचारलं, दगड कुणी फोडले?

"इंडियातून आणलेले कैदी म्हणतात. नावं नाहीत. बोर्ड छोटा, लाह." इथे वाक्याला असं 'लाह'चं शेपूट लागतंच.

"बोर्ड छोटा? मालकाच्या तीन पिढ्या मावल्या की त्यात!"

"झाला सुरू पंचनामा," वैशालीताई पुटपुटल्या. "अगं, एसीत उभी राहा जरा, डोकं थंड होईल."

अंकलनी सूचनांचा फॉर्म पुढे केला. नाव, पत्ता, पास नंबर. पास नंबर कशाला हवाय यांना?

"शेवटचं वर्ष आहे तुझं. पास गेला तर थिसिस काय विमानात लिहिणारेस?" वैशालीताई आता हसत नव्हत्या.

दगड फोडणाऱ्यांचा उल्लेख पाटीवर करा, एवढंच लिहिलं. खाली सवयीने हात 'एक जागरूक नागरिक' असं लिहायला निघाला आणि थांबला. मी इथली नागरिक कुठे? अंकल म्हणाले, "नाव नसेल तर फेकून देतात." खरंच होतं ते. निनावी पत्रकं आपणही फाडायचोच.

नाव लिहिलं, पूर्ण. पास नंबरही लिहिला. पत्त्यापाशी मात्र अडले. कुठलाही फॉर्म असो, आजवर मी तुमचाच, वस्तीतल्या घराचा पत्ता लिहीत आले. पासिर रिस म्हणजे नुसती झोपायची जागा. पण प्रश्न इथल्या भिंतीचा, आणि विचारला मी. त्याचं उत्तर घ्यायला बाबांनी का दार उघडायचं?

ब्लॉक नंबर लिहिला, मजला लिहिला. उत्तर येवो, नाहीतर पासवाल्यांचं बोलावणं येवो. मी घरीच आहे.