खळ दिलेलं जाकीट

आमच्या बुऱ्हाणपुरात तलवारबाजी शिकवणाऱ्या कोच लोकांचं संमेलन भरलं होतं, आणि तिथं माझ्यामुळं अर्धा तास कोणालाच तलवार लागली नाही. तलवारी होत्या, माणसं होती, एकमेकांवर तुटून पडायची तयारीही होती. पण लागली नाही ती नाहीच.

माझं शिक्षण चौथी. लिहिण्यात चुका सापडतील, त्या काढत बसू नका. (काढण्यासारख्या मोठ्या चुका पुढं येतातच आहेत.)

माझी पोरगी संध्या इथल्या एका शाळेत तलवारबाजी शिकवते. नोकरी दरसाल नव्या करारावर, म्हणून धास्तीही दरसाल नवी. या संमेलनात राज्यभरातले कोच येणार होते. प्रत्येकानं पाऊण तास काहीतरी शिकवून दाखवायचं, आणि ज्या दोघांचं चांगलं होईल त्यांना सहा महिन्यांच्या मोठ्या कोर्सला पाठवणार. तो कोर्स झाला की पक्की नोकरी. त्याला वयाची अट होती आणि संध्याचं ते शेवटचं वर्ष होतं. म्हणजे पाऊण तासात काय ते करायचं, नाहीतर जन्मभर करार.

तिच्या हरेक स्पर्धेला तिची आई जायची. कमल. डबा, पाण्याची बाटली, गुडघ्याला लावायचं तेल, सगळं घेऊन. मी पंधरा वर्षांत एकदाही गेलो नाही. साइजिंगच्या कारखान्यात पाळी असायची. (नसली तरी असायची.) कमल चैत्रात गेली. म्हणून या वेळी मी म्हटलं, मी येतो. संध्यानं माझ्याकडं जरा पाहिलं आणि म्हणाली, "या. पण आप्पा, तिथं फक्त बसायचं."

बसण्याइतकी अक्कल मला आहे. पण बसायला जायच्या दोन दिवस आधी मी तिची बॅग उघडली.

आत तिचं जाकीट होतं. चांदीसारखं दिसणारं, पण पार लोळागोळा झालेलं. काखेत मळलेलं, गळ्याशी सुरकुतलेलं. मला वाटलं, राज्यभरातले लोक येणार आणि माझी पोर हे घालून उभी राहणार? कमल असती तर चाललं असतं का? कमल हे जाकीट धुवायची, एवढं मला ठाऊक होतं. मागच्या मोरीत टब घेऊन बसायची, आणि मी तिच्या बाजूला उभा राहून दात घासायचो. दात घासताना माणूस इकडंतिकडं बघत नाही.

तर मी ते धुतलं. वॉशिंग पावडरमध्ये तासभर भिजवलं, ब्रशनं घासलं, पिळलं आणि गच्चीवर कडक उन्हात घातलं. इथं थांबलो असतो तरी बरं होतं. पण मी चाळीस वर्षं साइजिंगात काढलेली. साइजिंग म्हणजे सूत लूमवर चढायच्या आधी त्याला खळ पाजायची. खळ चांगली बसली तर सूत तटतट तुटत नाही. आमच्या लोधीपुऱ्यात आजही कोणाला विचारा, खळ कोणाची, तर माझीच. मग घरच्या पोरीच्या जाकिटाला द्यायची नाही? मैदा शिजवला, दोनदा गाळला, जाकिटाला अशी खळ पाजली की बस. वरून इस्त्री. शेवटी ते जाकीट दिवाणाच्या कडेला, आत माणूस नसतानाही, ताठ बसलेलं राहिलं. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. कमलला दाखवावं असं वाटलं.

घडी होत नव्हती. दोन्ही गुडघे लावून केली. पापड मोडल्यासारखा आवाज झाला.

संमेलन एका शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये होतं. मी दुसऱ्या रांगेत बसलो, अगदी मधे. एका बाजूला सागरचे कोच, दुसऱ्या बाजूला रतलामचे, आणि दोघंही असे अंगानं भरलेले की माझे हात मांडीवरून उचलता येईनात. संध्याचा विषय पडद्यावर आला : लहान गावात साधनांची निगा कशी राखावी. मी छाती पुढं काढली. साधन तर मीच राखलं होतं.

मग तिनं सांगायला सुरुवात केली. या खेळात तलवार अंगाला टेकली की मशीनचा दिवा लागतो. त्यासाठी जाकिटात धातूची बारीक तार विणलेली असते, वीज तिच्यातून फिरते. म्हणून जाकिटाला जपावं लागतं. हे मी माझ्या आईकडून शिकले, ती म्हणाली, आणि पडद्यावर कमलचा फोटो आला. मोरीत बसलेली, टबात हात घातलेली. पाठीमागं कडेला एक माणूस दात घासत होता.

नुसत्या कोमट पाण्यात बुडवायचं, संध्या म्हणाली. पावडर घालायची नाही. मी खुर्चीत थोडा खाली सरकलो. ब्रश लावायचा नाही. अजून सरकलो. पिळायचं नाही, सावलीत वाळवायचं, इस्त्री तर अजिबात नाही. रतलामच्या कोचांनी मला विचारलं, चाचा, तब्येत ठीक आहे ना? खळीबद्दल ती काहीच बोलली नाही. असं काही कोणी करील हे तिच्या डोक्यातच आलं नसावं.

आता प्रात्यक्षिक. ती जाकीट घालायला पडद्यामागं निघाली तेव्हा मी मान उंच करून, भुवया उडवून, जमेल तसं खुणावलं. तिला वाटलं बाप कौतुक करतोय. तिनं हसून हात हलवला. कमल गेल्यापासून ती माझ्याकडं बघून पहिल्यांदा हसली, ते हे हसणं.

बाहेर आली तेव्हा ती चालत नव्हती, पाट उभा करून सरकवावा तशी सरकत होती. समोर उज्जैनचे कोच तलवार घेऊन उभे. त्यांनी तिच्या छातीला तलवार टेकवली. दिवा लागला नाही. परत टेकवली. नाही. जोरानं टेकवली, तलवार धनुष्यासारखी वाकली, तरी नाही. वायर बदलली. तलवार बदलली. उज्जैनचे कोच बदलून मंदसौरचे आणले. कोणीतरी हॉलचे पंखे बंद केले, उगाच. आम्ही सगळे घामाघूम, आणि माझी पोर मात्र जगात कोणालाच हरवता न येणारी.

शेवटी सगळे मशीनवाल्या सलीमभाईंवर घसरले. सलीमभाई आमच्याच गावचे, टीव्ही दुरुस्त करणारे, साधा माणूस. आयोजक त्यांना माइकवरून बोलायला लागले, की कसलं भंगार आणलंत, सगळ्या राज्यासमोर नाक कापलंत. सलीमभाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला. मला ते बघवेना. तेवढ्यात संध्यानं बाही नाकाशी नेली आणि वास घेतला. मग तिनं थेट दुसऱ्या रांगेत पाहिलं.

मी उभा राहिलो. (सागर आणि रतलामच्या मधून उभं राहायलाही वेळ लागतो.)

"मशीन बरोबर आहे," मी म्हटलं. "जाकिटाला खळ आहे. मी दिली."

सगळा हॉल हसायला लागला. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. संध्या माइकवर इतकंच म्हणाली, की माझ्याकडं एका विद्यार्थिनीचं जाकीट आहे, दोन मिनिटांत बदलून येते. तिच्याकडं अजून बारा मिनिटं होती. बारा मिनिटांत तिचं सगळं निभावलं असतं. आयोजकही म्हणाले, हां, करो बेटा.

पण पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या कोचांनी मागं वळून मला विचारलं, "चाचा, लेकिन इतना कडक किया कैसे?"

आता हे मला विचारायला नको होतं.

मी स्टेजवर गेलो. माइक हातात कोणी दिला की मी घेतला, आठवत नाही. मैदा किती, पाणी किती, पाणी आधी का तापवायचं, गाठी का होतात, थंडीत साबूदाण्याचं पीठ का मिसळायचं, पूर्वी चिंचोक्याची खळ कशी असायची, सगळं सांगितलं. लोक हसत होते, मोबाइल वर करून माझा व्हिडिओ घेत होते. पोरीच्या आईनं तुम्हाला सांगितलं नाही का कसं धुवायचं ते, असं कोणीतरी विचारलं. मी ठणकावून म्हटलं, "नाही. तिनं मले कधी सांगितलंच नाही." टाळ्या पडल्या. जन्मात पहिल्यांदा माझ्यासाठी टाळ्या पडत होत्या. मी चिंचोक्याचं परत एकदा सांगितलं.

वेळ संपल्याची घंटा वाजली तेव्हा मी वळून पाहिलं. संध्या माझ्या मागं उभी होती. दुसरं जाकीट घातलेलं, वायर लावलेली, जाळीचा टोप काखेत. कधीची उभी होती कोण जाणे. तिनं तलवारीचं टोक स्वतःच्याच छातीला टेकवलं. दिवा लागला. मग तिनं वायर काढली आणि गुंडाळायला लागली, कारण पुढचे कोच जिन्यावर येऊन थांबले होते.

संध्याकाळी दोन नावं वाचली. तिचं नव्हतं. एक परीक्षक जाता जाता तिला म्हणाले, की बोलणं सगळ्यात चांगलं तुझंच होतं, प्रात्यक्षिकच झालं नाही, आम्ही गुण कशाला द्यायचे? माझ्याशी मात्र चार जणांनी हात मिळवला.

ऑटोत ती बराच वेळ बाहेर बघत होती. केळीचे ट्रक उभे होते, रस्ता तुंबला होता. मी म्हटलं, चूक झाली बेटा, पण तुझ्या आईनं कधी एका शब्दानं...

"आप्पा, सांगितलं होतं तिनं," संध्या म्हणाली. "दवाखान्यात. माझ्यासमोर. 'मी नसले तं संध्याच्या जाकिटाले पावडर लावू नका,' एवढंच म्हणाली ती. अन् तुम्ही तिले पावडर अन् धुण्याचा सोडा याच्यातला फरक सांगत बसले. अर्धा तास. ती ऐकता ऐकता झोपून गेली."

मला आठवलं. कमलच्या हातावर सुईची पट्टी होती, आणि ती मधे दोनदा काहीतरी बोलायला गेली होती, तेही आठवलं. त्या वेळी गप्प बसायला पाहिजे होतं. निदान या ऑटोत तरी गप्प बसायला पाहिजे होतं.

पण सोड्याचं माझं म्हणणं बरोबर कसं होतं, हे मी संध्याला लोधीपुरा येईस्तोवर समजावत राहिलो.