डाव्या हातानं दिलेलं दही

मी कडाव गाव सोडलं त्या सकाळी आईनं माझ्या तळहातावर दही-साखर ठेवली ती डाव्या हातानं. जी बाई आम्हाला डाव्या हातानं कुणाला मीठसुद्धा देऊ द्यायची नाही, तिनं! टेंपोवाला हॉर्न वाजवत होता. "भाताची लावणी केली ना, उजवा हात धरलाय गं. काय नाय. तू जा," ती म्हणाली.

आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. मला त्याचा अभिमान आहे, लपवायचं काय त्यात? पुण्यात नोकरी लागली, फ्लॅट झाला. आईनं मात्र माझा जम बसेपर्यंत काखेतली गाठ पदराखाली झाकून ठेवली. ती गेली. मग मावशीही तशीच गेली. गावात कॅन्सर हा शब्द कुणी काढला नाही. वाताचं दुखणं म्हणायचं. घरात लग्नाच्या पोरी असतात.

म्हणून मी जनुकांची तपासणी करून घेतली. ऑफिसात सगळ्यांना वाटतं, धाकट्या बहिणीसाठी, भाचीसाठी केली. ते खरंच आहे. पण त्याआधी मी घाबरले होते, मला जगायचं होतं, हेही खरं. रिपोर्टात दोष निघाला. डॉक्टर म्हणाल्या, "तुमच्यावर आम्ही लक्ष ठेवू. पण बहिणीलाही हा दोष असू शकतो. तिला आणा."

गेल्या महिन्यात कडावला गेले. धाकटी बहीण रेखा पडवीत बसली होती. सगळं ऐकून म्हणाली, "मोठी शिकलेली! घरात नाय तो रोग शोधून आणलास."

"मग आईला काय झालं होतं?"

"वात. ताई, प्राजूची सोयरीक जमतेय खालापूरला. त्यांच्या कानावर गेलं तर पोर घरात बसंल माझी. लगीन होऊ दे, मग ने कुठं न्यायचं तिथं."

मी समजावलं, भांडले, रडले. शेवटी तिच्या, धाकटीच्या, पाया पडले.

"ऊठ गं. मान्सं बघतायत."

निघताना तिनं दह्याची वाटी आणली. कितीही रागावली तरी ते ती चुकत नाही. मी तळहात पुढं केला. तिनं दही ठेवलं, डाव्या हातानं.

"रेखा, उजवा हात?"

"भाताची झोडणी केली ना, धरलाय जरा. काय नाय."

दही बोटांतून ओघळलं. मी तिचं मनगट घट्ट धरलं.

"सोड ताई, गाडी जाईल तुझी."

गाडी गेली. पुण्यात माझं सगळं आहे. घर म्हणावं असं तेवढं एक मनगट उरलंय, आणि ती ते अजून सोडवून घेतेय.