ओडेलने सोडलेली जागा

माझा धाकटा भाऊ ओडेल याच्यावर मी जन्मभर चिडत आले. अजूनही राग गेलेला नाही.

उत्तर फिलाडेल्फियात माझं बायकांचे केस सरळ करून द्यायचं दुकान होतं. तिथे रेडिओ दिवसभर चालू असायचा आणि दर दुसऱ्या गाण्यामागे गिटार ओडेलची. सोल संगीत असो की जॅझ, शहरातल्या कुठल्याही स्टुडिओत गिटारवाला हवा झाला की आधी त्यालाच बोलावणं. रेकॉर्डच्या पाकिटावर नाव मात्र गाणाऱ्याचं.

"ही गिटार माझ्या भावाची," मी म्हणायचे.

"मघाचीही त्याचीच होती ना?" माझं जुनं गिऱ्हाईक अर्लीन मान खाली घालूनच म्हणायची. "देवाचंही असंच. सगळीकडे असतो आणि दिसत कुठेच नाही."

बायका खिदळायच्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

शेवटी एकाहत्तर साली मीच रेकॉर्ड कंपनीच्या होबार्टचं डोकं खाल्लं. तो कबूल झाला: एक रेकॉर्ड नुसत्या गिटारची, नाव ओडेलचं, फोटोही ओडेलचा. मी मासे तळून घेतले आणि स्टुडिओत जाऊन बसले. एवढं एक झालं की माझा भाऊ जगाला दिसणार होता.

ड्रम सुरू झाले. ओडेलने दोन ओळी अशा वाजवल्या की माझे डोळे भरून आले. आणि तो थांबला. ड्रम आपले चालूच. मग त्याने बारीकशी एक तान घेतली, पुन्हा थांबला.

"का रे थांबलास?" होबार्टने काचेपलीकडून विचारलं.

"इथे गाणारी येईल ना."

"कोण गाणारी? बाबा रे, आज गाणारी तूच."

ओडेल ओशाळून हसला आणि पुन्हा तेच. वीस वर्षं दुसऱ्याच्या गळ्यासाठी वाट करून देत आलेला हात तो, गाणाऱ्याची जागा आली की आपोआप उचलला जायचा. दुपारभर हाच तमाशा.

"अरे भर की ती जागा," मी ओरडले. "कुणाच्या बापाची आहे?"

"भरली की गर्दी होते गं, ताई."

पुढच्या आठवड्यात होबार्टने चर्चमध्ये गाणारी जोलेटा नावाची एक पोरगी आणली आणि त्या मोकळ्या जागांत तिला गायला लावलं. रेकॉर्ड धडाधड खपली. नाव जोलेटाचं, फोटो जोलेटाचा. ओडेलचं नाव मागच्या बाजूलाही नाही.

ते गाणं दुकानातल्या रेडिओवर पहिल्यांदा लागलं तेव्हा ओडेल तिथेच होता. मला राहवलं नाही.

"गिळली तुझी रेकॉर्ड त्या पोरीने. ऊठ, जाऊन भांड होबार्टशी. नाव माग आपलं. तोंडात मूग धरून किती दिवस..."

ओडेल डोळे मिटून ऐकत होता. पोटभर जेवल्यासारखा चेहरा.

"ताई, जरा गप्प बस ना," तो म्हणाला. "ती गातेय."