दाराकडे पाठ

एकनाथ धुमाळला स्वस्थ बसणं ठाऊकच नाही. शिकागोच्या पश्चिमेला एका गावात सव्वीस वर्षं पोलिसात काढली. मग लोक गोल्फ खेळायला लागतात त्या वयात हा पठ्ठ्या पुन्हा वर्गात जाऊन बसला. का, तर धास्ती घेतलेल्या माणसांना सावरायचं कसं ते शिकायला. आता नेपरव्हिलमध्ये चर्चच्या मागल्या खोलीत दर मंगळवारी अशा माणसांसाठी बसतो. बसतो म्हणजे काय, गुडघा हलतोय, डोळे पार्किंगमधल्या गाड्यांवर. सुंभ जळला तरी पीळ जातो होय?

जानेवारीत तिथं शैलजाताई आल्या. त्या गॅस स्टेशनच्या, म्हणजे पेट्रोल पंपाच्या, दुकानात गल्ल्यावर असायच्या. नोव्हेंबरात एकानं पिस्तूल रोखलं, गल्ला रिकामा केला नि निघून गेला. अंगाला ओरखडा नाही. पण तेव्हापासून बाई भिंतीला पाठ टेकल्याशिवाय कुठं उभ्या राहत नव्हत्या. पोळ्यासुद्धा डायनिंग टेबलाच्या भिंतीकडल्या कोपऱ्यात बसून लाटायच्या.

पहिल्या दिवशी एकनाथनं काय विचारावं? उंची किती, जॅकेटचा रंग कोणता, पिस्तूल कुठल्या हातात. शैलजाताईंनी शहाण्या साक्षीदारासारखी उत्तरं दिली आणि घरी जाऊन दोन दिवस अन्नाला शिवल्या नाहीत. दुसऱ्या खेपेला त्यानं जीभ आवरली, तर त्या 'बरंय'च्या पुढं सरकेनात. तिसऱ्या मंगळवारी सकाळीच त्यांच्या मुलीचा, अनयाचा, फोन. "काका, आई म्हणते आज लास्ट टाइम. नंतर ती कोणाकडेच जाणार नाहीये."

झालं! अर्धा तास आधीच येऊन एकनाथनं हीटर वाढवला, कमी केला, पुन्हा वाढवला. शैलजाताई आल्या, कोट न काढता बसल्या. बोलणं हवापाण्यावर. त्यांची नजर मात्र राहून राहून त्याच्या खांद्यावरून मागं दाराकडे जात होती. शेवटी त्याच म्हणाल्या,

"साहेब, तुम्ही वाट अडवून का बसता?"

एकनाथनं दाराकडे पाहिलं, मग आपल्या खुर्चीकडे. दाराजवळची, दारावरही नजर राहील अशी तिरपी खुर्ची आपली, समोरच्याला आतली. सव्वीस वर्षं संशयितांना असंच बसवलेलं. ही बाई कुठली संशयित? तिला तर पळायला वाट दिसायला हवी होती.

"चुकलंच माझं," म्हणत तो उठला. आपली खुर्ची वाटेतून बाजूला ओढून तो दाराकडे पाठ करून बसला. आता दारापर्यंतची वाट शैलजाताईंसमोर मोकळी, आणि दार एकनाथच्या पाठीशी. उघड्या पाठीवर मुंग्या चालल्यासारखं त्याला होत होतं, पण मान वळवली नाही.

मागं कडी वाजली. एकनाथचा हात कमरेला गेला. तिथं आता नुसता पट्टा होता.

शैलजाताईंनी तो हात पाहिला. दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्यासारखं दचकलेलं.

"बसा हो भाऊ. चर्चची बाई आहे, खोली चुकली, गेली परत. मी बघतेय ना."

मग कोटाची चेन खाली ओढत हळू आवाजात म्हणाल्या, "त्या दिवशी मी दाराकडे पाठ करून सिगरेटची पाकिटं लावत होते. नुसतं वळून बघितलं असतं तर..."

एकनाथच्या जिभेवर दहा प्रश्न आले. त्यानं एकही विचारला नाही. गुडघा तेवढा हलत राहिला, आणि शैलजाताई बोलत राहिल्या.