मेंढ्या आमच्या होत्या

परवा जी वारली, ती मेंढपाळाची लेक नव्हती.

हे आधी लिहून टाकते. ज्यांना अनफ्रेंड करायचंय त्यांनी खुशाल करा.

परवापासून फोन उघडला की तेच. 'मेंढ्यांमागून कॉर्पोरेटपर्यंत.' 'मेंढपाळाच्या जिद्दी लेकीला सलाम.' खाली मीनलचा फोटो आणि हात जोडलेले इमोजी.

मीनलच्या वडिलांचं शहागंजात कापडाचं दुकान होतं. वर तीन मजली घर. मेंढी तिनं पाहिली असेल तर ताटात.

मेंढपाळाची लेक मी आहे. सुरेखा, पिशोरची.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी वाळूजची एक मोठी कंपनी कॅम्पस इंटरव्ह्यूला येणार होती. पहिला प्रश्न ठरलेला. स्वतःबद्दल सांगा, तेही इंग्रजीत.

माझ्या इंग्रजीचा आनंदच होता. आणि घरी मामांनी बजावलेलं, नोकरी लागली तर लग्न थांबवू, नाहीतर स्थळ तयार आहे.

मीनल माझी जिवलग. म्हणाली, "तू मराठीत सांग गं. मी इंग्रजीत करून देते."

होस्टेलच्या खोलीत बसून मी तिला सगळं सांगितलं. सुगी संपली की आमचं बिऱ्हाड मेंढ्या घेऊन कसं निघायचं. घोड्याच्या पाठीवर कोंबड्या, भांडी आणि मी. माझ्या मांडीवर नुकतं जन्मलेलं कोकरू, ते पडू नये ही माझी जबाबदारी. मेंढ्या ज्या शेतात बसतील, त्या गावातली शाळा माझी.

तिनं ते इतकं छान इंग्रजीत उतरवलं की मला माझाच अभिमान वाटला. भांडी घासताना, कपडे धुताना मी तेच घोकत होते.

इंटरव्ह्यूला नावं एबीसीडीप्रमाणे पुकारली. एम आधी, एस नंतर.

मी आत गेले. "माय फादर इज अ शेफर्ड" एवढं म्हटलं आणि मधल्या साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"क्या मॅडम, पूरे कॉलेज की मेंढियां एकीच हैं क्या?"

बाकीचे दोघं हसले. मी तरी रेटत राहिले. घोड्यापर्यंत पोचले, तर पुढचं साहेबांनीच म्हटलं, "और गोदी में छोटा लॅम्ब. है ना?"

मी म्हटलं, "सर, वो मेरा है."

त्यावर तर ते जास्तच हसले.

बाहेर मीनल पायरीवर बसलेली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "सॉरी यार. माझ्याकडे सांगण्यासारखं काय होतं, कापडाचे तागे? तुझ्याकडे निदान काहीतरी होतं."

होतं. तेच तर नेलंस ना बाई.

तिला नोकरी लागली. माझं लग्न लागलं. करमाडला आले, पुढे शेंद्र्यात पॅकिंगच्या कामाला लागले, अजून तिथंच आहे.

ती एचआरची मोठी मॅडम झाली. कॉलेजांमधून पोरांना शिकवायला जायची. विषय काय, तर 'स्वतःची ओळख कशी करून द्यावी'. माझ्या तर तळपायाची आग मस्तकात जायची, पण मी कधी कमेंटसुद्धा केली नाही.

आज मात्र कुणीतरी तिच्या भाषणाचा व्हिडिओ टाकला. त्यात ती सांगते, तिचे वडील गारपिटीत मेंढ्या वाचवता वाचवता गेले. सगळा हॉल रडतोय.

आबा शेजारीच बसले होते. माझे आबा. मेंढ्या विकल्यापासून माझ्याकडेच राहतात. त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावायला लावला.

"मंग मी मेलो व्हय?"

मी म्हटलं, "आबा, तीच गेली परवा."

आबा म्हणाले, "आपली लेक म्हनून फिरली ना ती जलमभर? मंग आपल्याला सुतक लागतं का गं?"

"नाय लागत, आबा. ती आपली कुनी नव्हती."

"पक्कं?"

"पक्कं."

"मंग मटन आन. लई दिस झाले."

आणलं. आबांनी रस्सा मागून मागून घेतला आणि मी वाढत राहिले. इतक्या वर्षांत एवढं गोड जेवण मला लागलं नव्हतं.

तर मीनल, तू मारलेला बाप जिवंत आहे. जेवून झोपलाय. तो माझा आहे, त्याच्या मेंढ्याही माझ्याच होत्या.

श्रद्धांजली. मनात भाव नाही, पण गेलेल्याला द्यायची रीत आहे, म्हणून दिली.