टाकलेल्या ओळी

बायको गेली आणि मागोमाग तिचा मोबाईल बंद पडला. त्याआधी लेकीनं त्यातले मेसेज काढून ठेवले होते. बायको जतच्या तिच्या बहिणीला लिहायची ते. बहिणीकडं काही राहिलं नव्हतं. मोबाईल भरला म्हणून तिनं सगळं पुसलेलं. आमच्याकडं उरली ती नुसती एकसलग अक्षरं. मी चौथी शिकलेला. त्यात बायको कुठं नि मेव्हणी कुठं, मला कळेना.

लेक वेबसाइटी बनवते. उंब्रजला घरी आली तेव्हा म्हणाली, "आबा, ह्याचं पान करून देते. तारीख, माणूस, बोलणं, तिन्ही वेगळं करायचं. मग तारखेवर बोट ठेवलं की त्या दिवशीची आई समोर."

पान झालं. मी सांगलीच्या दवाखान्यातले दिवस काढायला लावले. एका दिवसाला एक ओळ. "आज बरं हाय." बास.

"येवढंच?"

"आजारी होती आबा. ताकद कुठली?"

"मी खाटंशेजारी बसून हुतो. दिवसभर तिचा अंगठा चालायचा. मला म्हणायची, तुमी गप बसा, बहिणीशी बोलतीया."

"मग काय मी खाल्लं आईचं बोलणं?"

"खाल्लं का सांडलं, शोध. अर्धी बायको मला नको."

लेक रडकुंडीला आली. तशीच रागानं बटणं बडवत बसली. मग एकदम थांबली. ज्या ओळीपुढं तारीख नाही, नाव नाही, ती कुणाचीच नाही म्हणून टाकायची, असा नियम तिनंच प्रोग्रामला घातला होता. टाकलेल्या ओळी उघडल्या तर पडदा भरला.

"आई सारखी खालच्या ओळीवर का जायची?"

"दम लागायचा. दोन शब्द झाले की ओळ सोडायची, थांबायची."

तिनं नियम फिरवला. बिननावाची ओळ तिच्या वरच्या माणसाची. परत तोच दिवस उघडला, आणि वाचायला लागली.

"आज बरं हाय
असं ह्यास्नी सांगितलंय
बरं न्हाई
कळलं की
जेवत न्हाईत मग"

मी भिंतीला टेकलो.

"आबा, बंद करू?"

"न्हाई. फुडची तारीख काढ."